डासाला ‘वाहक’ म्हणावे का?

‘हिवतापाचा प्रसार कोणत्या डासाच्या मादीमुळे होतो?’ या प्रश्नाचे उत्तर न येणारा विद्यार्थी शोधूनही सापडणार नाही. ‘अ‍ॅनॉफेलिस’ असे लिहिले की एक गुण मिळतो. पुढचा प्रश्न हत्तीरोगाचा. त्याचे उत्तर ‘क्युलेक्स’. आणखी एक गुण. ज्या तक्त्यावरून ही उत्तरे पाठ केली जातात, तो आपल्या अनेक शाळांच्या व्हरांड्यात किंवा प्रयोगशाळेत टांगलेला असतो. त्याला चार रकाने असतात : रोग, रोगकारक, वाहक आणि लक्षणे. शाळा सोडून ठाणे, कल्याण किंवा डोंबिवली स्थानकाकडे चालू लागले की याच तक्त्याची सोपी आवृत्ती कुठल्या ना कुठल्या भिंतीवर रंगवलेली दिसते. घाण करू नका, डास पळवा, हिवताप टाळा.

या तक्त्याची आणि त्या भिंतीची थोडी चिकित्सा करण्याचा येथे विचार आहे. त्यांतील माहिती खोटी आहे असा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो तिसऱ्या रकान्याच्या मथळ्यावर, आणि त्या मथळ्यामुळे विद्यार्थ्याच्या मनात जे चित्र उभे राहते त्यावर. ‘वाहक’ म्हटले की ओझे इकडून उचलून तिकडे टाकणारा हमाल डोळ्यांपुढे येतो. ओझ्यात काय आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते, आणि एक हमाल गेला तर दुसरा चालतो. अर्थात हा दोष मराठीने काढलेला नाही. ‘व्हेक्टर’ या लॅटिन शब्दाचा अर्थही वाहून नेणारा असाच आहे. (पदार्थविज्ञानात त्याच शब्दाला आपण ‘सदिश’ हा चांगला प्रतिशब्द केला. जीवशास्त्राच्या वाट्याला मात्र एसटीतला वाहक आला.)

खरा हमाल पाहायचा असेल तर घरमाशीकडे पाहावे. ती चावत नाही. विष्ठेवर बसते, तेथून उठून उघड्या भजीवर बसते, आणि पायांना चिकटलेले आमांशाच्या अमिबाचे कोष्ठ भजीवर सोडते. त्या वाटेत अमिबात काहीही बदल होत नाही. माशीऐवजी मळका हात असता तरी तेच झाले असते. घरमाशीला वाहक म्हणणे अगदी रास्त आहे. डास हाही माशीसारखाच दोन पंखांचा कीटक, म्हणजे प्राणिशास्त्राच्या हिशेबाने तीही एक चावणारी माशीच. पण हिवतापाच्या परजीवीशी तिचे नाते वेगळ्या जातीचे आहे.

लग्नघर कोणाचे?

हिवतापाचा परजीवी, प्लास्मोडियम, माणसाच्या यकृतात आणि तांबड्या पेशींत वाढतो तेव्हा तो केवळ विभाजनाने आपल्या प्रती काढत असतो. त्यांतल्या काही प्रती नर आणि मादी युग्मकपेशी होऊन रक्तात थांबून राहतात. माणसाच्या शरीरात त्यांना पुढे काहीच करता येत नाही. अ‍ॅनॉफेलिसच्या मादीने त्या रक्ताबरोबर ओढून घेतल्या तरच त्यांचे पुढे काही होते. तिच्या जठरात रक्त थंड होते; तिच्या शरीरातील क्झान्थ्युरेनिक आम्ल नावाच्या एका साध्या रेणूचा स्पर्श होतो; आणि काही मिनिटांत नर पेशीतून शेपटीसारखे तंतू झटकत बाहेर पडतात. फलन तेथे होते. फलित पेशी जठराची भिंत भेदून पलीकडे जाते, तेथे पुटी करून राहते, आणि त्या पुटीत हजारो बीजरूपे तयार होतात. पुटी फुटली की ती लाळग्रंथीत जमतात. उबदार हवेत या सगळ्याला सुमारे १० दिवस लागतात. तापमान १६ अंश सेल्सिअसच्या खाली गेले तर वाढ जवळजवळ थांबते.

परजीवीशास्त्राचा नियम असा आहे की परजीवीचे लैंगिक प्रजनन ज्याच्या शरीरात होते तो मुख्य यजमान, आणि दुसरा तो मध्यस्थ यजमान. या नियमाने हिवतापाच्या परजीवीचा मुख्य यजमान डास ठरतो. मध्यस्थ आपण. हे वाक्य दहावीच्या वर्गात एकदा फळ्यावर लिहून पाहावे. मुले आधी हसतात आणि मग प्रश्न विचारू लागतात, असा माझा अनुभव आहे.

शब्दाने एवढे काय बिघडते, असे कोणी म्हणेल. इतिहासात एकदा बरेच बिघडले होते. पॅट्रिक मॅन्सन याने १८७७ साली चीनमधील अमॉय येथे हत्तीरोगाच्या जंतांची पिल्ले डासाच्या शरीरात वाढताना पाहिली. शोध मोठा होता. पण डास एकदाच रक्त पितो, पाण्यावर अंडी घालतो आणि तेथेच मरतो अशी त्याची समजूत होती. मग जंत माणसाकडे परत कसे येणार? ते मेलेल्या डासासह पाण्यात उतरत असतील आणि माणूस ते पाणी पीत असेल, असे त्याने ठरवले. डास म्हणजे रक्तातून पाण्यापर्यंतचा हमाल! याच कल्पनेच्या मागे लागून रोनाल्ड रॉस याने १८९५ साली सिकंदराबादेत डास मेलेले पाणी माणसांना पाजून पाहिले. हाती ठोस काही लागले नाही.

पुढे १८९७ च्या ऑगस्टमध्ये त्याने डासांना हुसेन खान या हिवतापाच्या रुग्णाचे रक्त पाजले आणि त्यांना जिवंत ठेवून एकेक दिवसाने फाडून पाहिले. रक्त पाजले १६ तारखेला. २० ऑगस्टला, म्हणजे चौथ्या दिवशी, ठिपकेदार पंखांच्या डासाच्या जठराच्या भिंतीवर काळसर कणांच्या गोल पेशी दिसल्या. दुसऱ्या दिवशी शेवटच्या डासात त्याच पेशी मोठ्या झालेल्या होत्या. ‘मोठ्या झालेल्या’ हेच महत्त्वाचे होते. कोणीतरी येथे राहत होते आणि वाढत होते. डास काय वाहून नेतो हे विचारायचे सोडून त्याच्या पोटात दिवसागणिक काय घडते हे पाहिले, तेव्हा कोडे सुटले. हत्तीरोगाचे जंत डासाच्या सोंडेतून बाहेर पडतात हे लो याने दाखवले ते १९०० साली, म्हणजे मॅन्सनच्या शोधानंतर २३ वर्षांनी.

शिवाय हे ओझे हमालाची चालही बदलते. लाळग्रंथीत परजीवी शिरले की रक्त गोठू न देणारे विकर लाळेत कमी पडते, असे कोंबड्यांच्या हिवतापावर केलेल्या प्रयोगांत १९८४ साली आढळले. पोट लवकर भरत नाही, म्हणून डास पुन्हा पुन्हा सोंड खुपसतो. केनियात २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ज्या मुलांच्या रक्तात युग्मकपेशी होत्या त्यांच्याकडे इतरांच्या सुमारे दुप्पट डास ओढले गेले. औषध देऊन त्या मुलांना बरे केल्यावर हा फरक उरला नाही.

एकच रकाना, दोन वेगळी कामे

आता त्याच तक्त्यातील हत्तीरोगाची ओळ पाहू. येथे रोगकारक म्हणून वुचेरेरिया बँक्रॉफ्टी हा जंत आणि वाहक म्हणून क्युलेक्स. म्हणजे विद्यार्थ्याच्या दृष्टीने नाव बदलले, बाकी गोष्ट तीच. वस्तुतः गोष्ट पार वेगळी आहे. हत्तीरोगाच्या जंताची सूक्ष्म पिल्ले डासाच्या शरीरात वाढतात, पण संख्येने वाढत नाहीत. दहा आत गेली तर जास्तीत जास्त दहाच बाहेर येणार, आणि फार झाली तर डासच मरतो. शिवाय ती लाळेबरोबर टोचली जात नाहीत. सोंडेतून त्वचेवर उतरून, चाव्याच्या बारीक छिद्रातून त्यांना स्वतः आत सरपटत जावे लागते. त्यातली बहुतेक वाटेतच संपतात. आत गेलेल्यांतही नर व मादी दोन्ही पोचून जमावे लागतात, तेव्हा कुठे रक्तात पुढची पिल्ले दिसू लागतात.

रंगूनमध्ये केलेल्या अभ्यासावरून १९६८ साली असा अंदाज बांधला गेला की एका माणसाच्या रक्तात अशी पिल्ले दिसू लागण्यासाठी त्याला संसर्गक्षम डासांचे सरासरी १५,५०० चावे घ्यावे लागतात. हिवतापाला एक चावाही पुरतो. केवढी तफावत आहे ही! म्हणूनच कोकणात चार दिवस पाहुणा म्हणून आलेला माणूस हिवताप घेऊन परत जाऊ शकतो. हत्तीरोग मात्र वर्षानुवर्षे त्याच गटाराशेजारी, त्याच डासांच्या गराड्यात झोपणाऱ्यालाच गाठतो. त्याचा सुजलेला पाय हा त्या वस्तीतील सांडपाण्याच्या व्यवस्थेचा कित्येक वर्षांचा हिशेब असतो. हत्तीरोगप्रवण म्हणून नोंद झालेल्या जिल्ह्यांत ठाणे जिल्ह्याचेही नाव होते, हे येथील शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

या जंतांची आणखी एक लकब सांगण्याचा मोह आवरत नाही. दिवसभर ही पिल्ले फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री, साधारण दहा ते दोनच्या सुमारास, त्वचेजवळच्या रक्तात गर्दी करतात. क्युलेक्स चावतो तोही रात्रीच. म्हणून हत्तीरोगासाठी रक्त तपासणारे कर्मचारी रात्री दार ठोठावतात. लोक त्यांच्यावर वैतागतात, पण वेळ त्यांनी ठरवलेली नसते.

म्हातारा डास

वर्गात पाच मिनिटांत करता येईल असे एक गणित आता मांडतो. हिवतापाचे परजीवी डासात तयार व्हायला १० दिवस लागतात असे धरू. याचा अर्थ असा की तरुण डास हिवताप देऊच शकत नाही. रुग्णाला चावल्यानंतर १० दिवस जगलेला डास तेवढा धोक्याचा. समजा, १०० डास रुग्णाला चावले आणि रोज त्यांतले ९० टक्के दुसऱ्या दिवसापर्यंत जगतात. दहाव्या दिवशी उरतील सुमारे ३५. आता रोज जगण्याचे प्रमाण ९० ऐवजी ८० टक्के झाले असे समजा. दहाव्या दिवशी उरतील ११. इतकेच नव्हे, उरलेले पुढे किती दिवस चावत राहणार हेही बदलते. पहिल्या बाबतीत सरासरी साडेनऊ दिवस, दुसऱ्या बाबतीत साडेचार. दोन्हींचा गुणाकार केला तर ३३२ विरुद्ध ५०, म्हणजे धोका जवळजवळ सातपटीने उतरला. याउलट डासांची संख्या निम्मी केली तर धोका निम्माच होतो.

याच गणिताचा दुसरा भाग असा. हिवताप पसरवण्यासाठी डासाला माणसाला दोनदा चावावे लागते, एकदा घेण्यासाठी आणि एकदा देण्यासाठी. मच्छरदाणीमुळे माणसाला होणारे चावे निम्मे झाले आणि तेवढे डास म्हशीकडे वळले, तर धोका निम्म्याचा निम्मा, म्हणजे एक चतुर्थांश होईल. (कल्याणच्या तबेल्यांजवळ राहणाऱ्यांनी यावर फार विसंबू नये. म्हशींच्या रक्तावर डासांची प्रजाही वाढते.) जॉर्ज मॅकडोनल्ड यांनी १९५० च्या दशकात हे गणित नीट मांडले. ते समजायला घातांक पुरतो, आणि घातांक आठवीत शिकवतात.

या गणितातून आपल्याकडच्या दोन गोष्टी उलगडतात. पहिली पावसाळ्याची. ठाणे-मुंबई पट्ट्यात हिवताप जुलै ते सप्टेंबरमध्ये उसळतो. कारण पावसाने पाणी साचते, असे तक्त्याखाली लिहिलेले असते. ते खरे आहे, पण अर्धेच. इमारतीच्या टाकीत पाणी मे महिन्यातही असते आणि त्यात डासही होतात. पावसाळ्यात हवा दमट होते, आणि दमट हवेत डास जास्त दिवस जगतो. म्हणजे पाऊस डासांची संख्या वाढवतो तसेच त्यांचे वयही वाढवतो. आणि गणित सांगते की वय जास्त महाग पडते.

दुसरी गोष्ट फवारणीची. रक्त प्यालेला डास जड होतो आणि जवळच्या भिंतीवर विसावतो. दोन-तीन दिवसांनी पुन्हा चावतो, पुन्हा विसावतो. दहा दिवस जगायचे तर त्याला तीन-चारदा भिंतीवर बसावेच लागते. भिंतीवर डीडीटीचा थर असला की म्हातारे होण्याआधीच बहुतेक डास मरतात. १९५३ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो असा अंदाज होता. १९६५ च्या सुमारास नोंदलेले रुग्ण एक लाखाच्या आसपास आले. या यशाचे श्रेय भिंतीवर टेकणाऱ्या डासाच्या सवयीला आहे. पुढे डास डीडीटीला दाद देईनासे झाले, यंत्रणाही सैलावली आणि १९७६ मध्ये आकडा ६४ लाखांवर गेला. शहरांत तर ही घरोघरची फवारणी मुळात नव्हतीच. शहरी हिवतापासाठी वेगळी योजना १९७१ साली आली.

संध्याकाळी गल्लीतून धूर सोडत जाणारी गाडी या हिशेबात कुठे बसते? त्या घटकेला उघड्यावर उडत असलेले डास ती मारते. घरातल्या कपाटामागे विसावलेला, आठ दिवसांचा, पोटात पुट्या वाढवत बसलेला डास तिच्या वाटेला येत नाही. साथीच्या काळात धुराचा थोडा उपयोग असतो. पण नागरिक सर्वांत जास्त मागणी करतात ती याच गाडीची, कारण ती दिसते.

स्वच्छ पाण्यातला डास

आता भिंतीवरील पहिल्या वाक्याकडे, ‘घाण करू नका’ याकडे येतो. माझा सर्वांत मोठा आक्षेप यावर आहे.

उल्हासनगरातून कल्याणकडे येणाऱ्या वालधुनी नदीच्या काळ्या पाण्याकडे किंवा उघड्या नाल्याकडे बोट दाखवून ‘येथे मलेरियाचे डास होतात’ असे सांगितले जाते. अशा पाण्यात वाढतो तो क्युलेक्स. तो रात्री कानाशी गुणगुणतो, झोपू देत नाही, हत्तीरोग देऊ शकतो. पण माणसाचा हिवताप तो देत नाही. आपल्या शहरांत हिवतापाची मुख्य सूत्रधार आहे अ‍ॅनॉफेलिस स्टीफेन्साय. तिला स्वच्छ, साठवलेले, शांत पाणी लागते : गच्चीवरची झाकण निघालेली टाकी, जुनी विहीर, पिंप, कारंजे, बांधकामावरचा हौद, स्लॅबला पाणी मारण्यासाठी केलेली आळी, लिफ्टचा खड्डा. ठाण्याचे मासुंद्यासारखे मोठे तलावही उगाच बदनाम होतात. मासे असलेल्या, वाऱ्याने हलणाऱ्या उघड्या पाण्यात तिच्या अळ्या फारशा टिकत नाहीत.

हे काही नवे ज्ञान नाही. स्टीफेन्सायला हे नाव लिस्टन याने १९०१ साली दिले. प्लेग आणि पिसवा यांवर मुंबईत काम करणारा तोच लिस्टन. चार्ल्स बेंटली याने मुंबईतील हिवतापाच्या कारणांचा शोध घेऊन १९११ च्या अहवालात घरोघरच्या विहिरींकडे बोट दाखवले. त्या विहिरी घाण नव्हत्या. त्यांचे पाणी लोक पीत होते, पूजेला वापरत होते. विहिरी झाका किंवा बुजवा असा हुकूम निघाला तेव्हा पारशी आणि हिंदू रहिवाशांनी कडाडून विरोध केला. मुंबई महापालिकेत अधिकारी असलेले रुस्तम पेस्तनजी मसानी यांनी विहिरींविषयीच्या लोकसमजुतींवर ‘फोकलोअर ऑफ वेल्स’ हे इंग्रजी पुस्तक १९१८ साली लिहिले, त्यालाही निमित्त याच वादाचे होते. हिवतापाच्या मोहिमेतून लोकसाहित्याचे पुस्तक निघाल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. सांगायचे ते हे की शंभर वर्षांपूर्वी मुंबईत भांडण झाले ते पवित्र पाण्यावरून, गटारावरून नव्हे. आणि तरीही आपण आज मुलांना गटारच दाखवतो.

यात नुसते अज्ञान असते तर एवढे लिहायचे कारण नव्हते. हिवताप घाणीतून येतो असे एकदा ठरले की तो झोपडपट्टीतून येतो हे आपोआप ठरते. सोसायटीच्या सभेत नाल्यापलीकडच्या वस्तीविरुद्ध अर्ज लिहिला जातो आणि त्याच सोसायटीच्या गच्चीवर टाकीचे तुटलेले झाकण प्लॅस्टिकच्या कापडाने झाकलेले असते. घोडबंदर रस्त्याच्या किंवा कल्याण-शीळ रस्त्याच्या कडेला नवे मजले चढत असतात. तेथे राहणारे मजूर आजारी पडले की ‘हे लोक गावाकडून हिवताप घेऊन येतात’ असे म्हटले जाते. त्यांच्यातल्या काहींच्या रक्तात परजीवी असतीलही. परंतु परजीवी रक्तात असणे आणि तो पसरणे यांच्यामध्ये १० दिवस जगणारी स्टीफेन्साय उभी असते, आणि तिची सोय ठेकेदाराच्या हौदाने केलेली असते. गोव्यात पणजी शहरात १९८६ पासून हिवताप वाढला तेव्हा असेच बांधकामांचे पाणी, मजूर आणि स्टीफेन्साय हे त्रिकूट पुढे आले. तेथे मजुरांना आरोग्यपत्र घेणे सक्तीचे झाले. ते योग्यच, पण पत्र मागायला मजूर सोपा असतो. हौदाचे झाकण तपासायला मालकाला गाठावे लागते.

स्टीफेन्साय काय करू शकते याचा पुरावा अलीकडे आफ्रिकेत मिळाला. जिबूती या लहानशा देशात २०१२ साली हिवतापाचे २७ रुग्ण नोंदले गेले. त्याच वर्षी तेथे ही आशियाई डासीण प्रथम सापडली. २०२० साली रुग्णसंख्या ७३ हजारांच्या वर होती. हिवताप पसरवणाऱ्या इतर अ‍ॅनॉफेलिस जाती आफ्रिकेत पूर्वीपासून आहेत, पण त्या मुख्यतः खेड्यांतल्या पाण्यात वाढतात. शहराच्या टाकीत वाढणारी ही नवी जात येताच चित्र पालटले. आपल्या गच्चीवरचा हा कीटक आज आफ्रिकेच्या आरोग्यखात्यांची झोप उडवतो आहे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मीही एका रकान्याच्या जागी दुसरा रकाना बसवल्यासारखे होईल. योग्य माशी असली म्हणजे रोग असलाच पाहिजे असे नाही. काळा आजार पसरवणारी फ्लेबोटोमस अर्जेंटिपेस ही वालुमाशी दक्षिण भारतातही सापडते. रोगाचे बस्तान मात्र बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेश या चार राज्यांत होते. या माशीत परजीवी वाढतो हे १९२४ साली कळले. पण तिच्या चाव्याने रोग होतो हे सिद्ध करायला १९४२ उजाडले, कारण प्रयोगातल्या माश्या पुरेशा दिवस जगत नव्हत्या आणि त्यांच्या सोंडेपर्यंत परजीवी पोचत नव्हते. अखेर स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माश्यांना एकदा रक्त पाजल्यावर मनुका चोखायला दिल्या. साखरेच्या आहारावर परजीवी माजले, घशाशी दाटले, आणि मग स्वामिनाथ, शॉर्ट व अँडरसन यांच्या प्रयोगात स्वयंसेवकांना चाव्यातून संसर्ग झाला. अठरा वर्षांचे कोडे मनुकांनी सोडवले! माशी काय खाते, किती जगते, कोणाला चावते, यातले काहीही ‘वाहक’ या रकान्यात मावत नाही.

शिक्षक म्हणतील, परीक्षेला ‘वाहक’ हाच शब्द येतो. येऊ द्यावा. शब्द बदलण्याचा आग्रह नाही. त्याच्याशेजारी तीन रकाने वाढवावेत एवढी सूचना आहे : कुठल्या पाण्यात वाढते, केव्हा व कोणाला चावते, परजीवीला तिच्या शरीरात किती दिवस लागतात. डेंग्यूचा एडिस याच तक्त्यात घातला तर आणखी बरे. तेथे परजीवी नसून विषाणू आहे, डास दिवसा चावतो आणि पाणी पुन्हा स्वच्छच लागते. शहापूर-मुरबाडकडच्या शाळांनी ठाण्याचा तक्ता जसाच्या तसा घेऊ नये. तिकडे भातखाचरांत आणि पाटांत वाढणारी क्युलिसिफेसीज, डोंगरपायथ्याच्या संथ ओढ्यात वाढणारी फ्लुव्हिएटिलिस यांची ओळ हवी.

आणि तक्ता भरण्याआधी एक दुपार बाहेर काढावी. मुलांचे दोन गट करून एका गटाने गटाराच्या कडेचे आणि दुसऱ्याने एखाद्या उघड्या पिंपातले किंवा हौदातले पाणी पांढऱ्या वाटीत आणावे. लांब दांड्याचा डाव वापरावा आणि गच्चीवर किंवा बांधकामावर मोठ्या माणसाशिवाय कोणी जाऊ नये. अळ्या मिळाल्या तर वाटी स्थिर ठेवून नुसते पाहावे. क्युलेक्सची अळी डोके खाली करून तिरकी लोंबकळते, कारण तिच्या शेपटाशी श्वसननळी असते. अ‍ॅनॉफेलिसच्या अळीला ती नळी नसते, म्हणून ती पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी तरंगते. भिंग नसले तरी हा फरक दिसतो. कोणती अळी कुठल्या पाण्यात सापडली ते मुलांनी स्वतःच्या हाताने लिहावे. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, पण आणलेल्या अळ्या किती दिवसांच्या आहेत हे आपल्याला माहीत नसते. म्हणून वाट्या मच्छरदाणीच्या कापडाने झाकाव्यात आणि त्याच संध्याकाळी पाणी कोरड्या मातीवर ओतावे, मोरीत नव्हे.